‘रेशीम हाय न्हवं रं पोरा?’ : गिऱ्हाइकाला आता खरं सांगू की गप्प बसू?

घडीमोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर खडे बाजारात एका साडीच्या दुकानात सेल्समन आहे, सहा वर्षं झाली. दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. पगार चौदा हजार, वर इन्सेंटिव्ह. मूळ गाव खानापूर तालुक्यात, आता अनगोळला भाड्यानं राहतो.

गेल्या रविवारी बस्ता बांधायला एक कुटुंब आलं. एका ट्रॅक्समधनं नऊ माणसं. नवरी, आई-वडील, मामा, दोन आत्या, दोन लहान पोरं आणि आजी. आत आल्या आल्या आजीनं माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, ‘तू कुठल्या गावचा रं?’ सांगितलं. तिची धाकटी बहीण आमच्याच गावात दिलेली निघाली. मग काय! ‘ह्यो आपलाच पोरगा हाय, ह्याच्याकडनंच घेऊया’ म्हणून ती गादीवर माझ्यासमोर मांडी घालून बसली, ती चार तास उठली नाही.

आमच्या धंद्यात भाषा हे निम्मं भांडवल आहे. बैलहोंगलचं गिऱ्हाईक आलं की मी कन्नडमध्ये ‘बर्री अक्का, कुत्कोर्री’ म्हणतो. चोर्ला घाटावरनं गोव्याची माणसं आली की चार शब्द कोंकणीचे टाकतो. आणि खानापूर, चंदगडकडची आली की गावची बोली काढतो. मालक पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, ‘ज्याच्या त्याच्या भाषेत बोल, भाव करायला त्यांनाच लाज वाटते.’ खरं आहे ते. आपल्या बोलीत बोलणाऱ्याशी माणूस घासाघीस करत नाही.

बाकीचं तंत्र सांगायला नको, पण सांगतो. बजेट दहाचं असलं तरी आधी बावीस हजारांची उघडायची. त्यांना ती घ्यायची नसतेच. पण तेवढी बघितल्यावर आठ हजारांची स्वस्त वाटते. मग नवरीला उभी करून पदर खांद्यावर टाकायचा, आरसा पिवळ्या दिव्याखाली. कोण ‘जरा उन्हात बघू’ म्हणालं तर चहा मागवायचा.

नवरीला एक राणी रंगाची आवडली, हिरवे काठ, जरीचे मोर. सुरतचा माल, खोक्यावर ‘सॉफ्ट सिल्क’ छापलेलं. दोन दिवाळ्या पडून होती. चिठ्ठीवर आमची सांकेतिक अक्षरं असतात, त्यात खरेदी १,८५० होती. असला पडीक माल काढला की एका नगामागे तीनशे रुपये मिळतात. मी ७,८०० सांगितले. नवरीच्या वडिलांनी मान डोलावली आणि आजीनं पदर हातात घेऊन विचारलं, ‘रेशीम हाय न्हवं रं पोरा?’

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. म्हणालो, ‘आजी, हात लावून बघा की.’

आणि तिनं बघितलं. जन्मभर भाताची रोपं लावून तळव्याला भेगा पडलेल्या. त्या भेगेत एक धागा अडकला. तिनं तो दुसऱ्या हातानं सावकाश सोडवला, साडी ओढली जाऊ नये म्हणून. मग म्हणाली, ‘मऊ हाय. घे बाय, घे.’

बिल झालं. बिलावर कॉम्प्युटर छापतो ‘साडी फॅन्सी, नग १’. म्हणजे कागदावर आम्ही कुठंच खोटं बोललो नाही.

रात्री शटर ओढताना त्या साडीचा एक गोंड्याचा धागा काढला आणि काडी लावली. मला काय निघणार ते ठाऊक होतं, तरी लावली. वितळला, टोकाला काळी कडक गोळी झाली. रेशमाची राख चिमटीत चुरते, केस जळल्याचा वास येतो. हे मीच नवीन पोरांना शिकवतो.

आता अडचण ही आहे. साडी अजून आमच्याकडंच आहे. फॉल-पिकोला ठेवलीय, पुढच्या रविवारी न्यायला येणार. एकदा फॉल लागला, ब्लाउजपीस कापला की विषय संपला. लग्न अठरा दिवसांवर. मी फोन करून सांगू का? सांगितलं तर नोकरी जाईल बहुतेक. नाही सांगितलं तर कोणाला कधीच कळणार नाही, त्यांना तर नाहीच. नवरीला साडी शोभते, तीही खूश आहे.

आधीही विकल्यात असल्या. खोटं कशाला बोलू, शंभरेक तरी. तेव्हा झोप लागायची. ह्या वेळी का लागेना तेच कळेना झालंय.

निपाणीवाला

भाऊ, मी दुकानदार आहे, त्यामुळं माझं बोलणं कडू लागेल.

गिऱ्हाईक दारात येऊन काय म्हणतंय ते पण लिही की. ‘सिल्क दाखवा, दोन हजारांपर्यंत.’ दोन हजारांत रेशमाचा शालू कुठनं येणार? त्याला पण माहीत असतं. त्याला ‘सिल्क’ हा शब्द पाहिजे असतो, चार पाहुण्यांत सांगायला. तो शब्द आपण देतो. भाडं, लाईट बिल, पोरांचे पगार, वर आता मोबाईलवर साड्या विकणाऱ्या बायका. आमची बाजू पण धर जरा.

तरी १,८५०चे ७,८०० लावणं हे मला पण पटलं नाही. एवढा दर लावल्यावर मात्र तो शब्द द्यायचा नसतो.

पण फोन बिन करू नकोस. मालकाचा पगार खायचा आणि त्याच्या पाठीमागं त्याच्या गिऱ्हाइकाला फोन करायचा, ह्याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत आमच्यात. नंबर तुला बिलावरनं मिळालाय, म्हणजे दुकानाचा आहे. माझ्या पोरानं असं केलं तर कारण किती का चांगलं असेना, दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवीन.

अप्पा_शहापूर

मी ह्याच बाजारात अडतीस वर्षं गादीवर काढली. निवृत्त होऊन सात झाली. तुझं दुकान कुठलं ते मला साधारण कळलंय, पण ते जाऊ दे.

बाळ, तुला झोप का लागली नाही ते मी सांगतो. आधीच्या शंभर जणींनी तुला विचारलं असेल, ‘सिल्क आहे का?’ तो दुकानाला विचारलेला प्रश्न. आजीनं विचारलं, ‘रेशीम हाय न्हवं रं पोरा?’ तो दुकानाला नव्हता. तिनं भावाच्या पोराला विचारावं तसं तुला विचारलं. तू उत्तर दिलंस दुकानाचं.

माझी एक गोष्ट. १९९१ साल, दिवाळीच्या आधी. एका शाळेतल्या चौदा बाईंची भिशी होती. दर वर्षी दिवाळीला सगळ्याजणी आमच्याकडंच साड्या घ्यायच्या, तीन हप्त्यांत पैसे. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंना मी एक गडद लाल कॉटन दाखवली. रंग जाणारा माल होता, मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, ‘रंग पक्का ना?’ मी काय केलं, सांगू? उत्तर दिलंच नाही. लगेच दुसरी साडी उघडली आणि म्हणालो, ‘बाई, ही जांभळी बघा, तुम्हाला उठून दिसेल.’ त्या जांभळी बघायला लागल्या. शेवटी घेतली लालच. आमच्या धंद्यात तोंडानं खोटं बोलणारे थोडे. खोटं हात बोलतात. उघडायची साडी, बदलायचा विषय.

जानेवारीत त्या एकट्या आल्या. पांढरा परकर आणला होता, कमरेपासनं खाली गुलाबी झालेला. भांडल्या नाहीत. परकर गादीवर ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि गेल्या. पैसे मागितले नाहीत. परकर पण नेला नाही. पुढच्या दिवाळीला चौदातली एक पण आली नाही. मालकांनी विचारलं, ‘अप्पा, बाई मंडळी का आली नाहीत हो ह्या वर्षी?’ मी म्हणालो, ‘बदली झाली असेल.’ हे दुसरं खोटं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. सोपी आहे, बघ जमते का. गिऱ्हाइकानं प्रश्न विचारला की हात थांबवायचे. साडी अर्धी उघडलेली असली तरी तशीच ठेवायची. आधी उत्तर, मग पुढची घडी. पहिलं वर्ष विक्री पडली, मालक बोलले. तिसऱ्या वर्षी काय झालं, बायका दारातनंच ‘अप्पा आहेत का’ विचारायला लागल्या. मी एखादीला ‘ही नको, वर्षभरात काठाची जर काळी पडेल’ म्हणालो की तीच बाई पुढची साडी भाव न करता घ्यायची. तुझं ते बावीस हजारांचं तंत्र आम्ही पण करत होतो, त्याला माझी हरकत नाही. महागाची दाखवली म्हणून कोण फसत नाही, ती महागच असते. पिवळ्या दिव्याचंही चालेल एक वेळ. पण उन्हात नेऊ दे, बाबा. आमच्या वेळी पायरीवर नेऊन रंग दाखवायचा, गिऱ्हाइकानं म्हणायच्या आधी.

आता तुझ्या कामाचं. निपाणीवाले बोलले त्यातलं एक बरोबर आहे, पाठीमागनं फोन नको. आधी मालकाला सांग. सकाळी, शटर उघडल्यावर, बाकीची पोरं यायच्या आत. चार माणसांत सांगितलंस तर त्याला नाही म्हणावंच लागेल. आणि नुसतं ‘हे चूक आहे’ म्हणू नकोस, मोकळ्या हातानं जाऊ नकोस. ‘दर एवढा करून देऊ, बिलावर माल लिहून देऊ, गिऱ्हाईक राहील’ असा हिशोब घेऊन जा. दुकानदाराला हिशोबाची भाषा कळते. तू म्हणालास ना, ज्याच्या त्याच्या भाषेत बोलावं म्हणून.

कांडीवाली

मी वडगावची. घरात दोन पॉवरलूम, मी आणि आई कांड्या भरतो, वडील आणि भाऊ माग बघतात. दिवसभर खटखट खटखट, मोबाईलवर बोलायचं तर बाहेर जावं लागतं. त्यामुळं लिहिते.

पहिलं म्हणजे तुमचं राहिलेलं सांगते, राग मानू नका. खोक्यावर ‘सिल्क’ बघून बरेच दुकानदार असल्या मालाला ‘आर्ट सिल्क’ म्हणून टाकतात. गोळी झाली म्हणजे ते आर्ट सिल्क पण नव्हे, पॉलिस्टर. आर्ट सिल्क म्हणजे व्हिस्कोस. ते कागदासारखं जळतं, कागद जळल्याचा वास येतो, राख भुरकी आणि हलकी, गोळी होत नाही. आणि ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे हो! आर्टिफिशियलचा तुकडा मोडलेला आहे तो. माझ्या मावशीला कितीतरी वर्षं वाटायचं कलाकुसर असते म्हणून आर्ट.

अंगठीतनं साडी ओढून दाखवतात ना काही दुकानदार, ते पण बघून घ्या. पातळ पॉलिस्टर पण अंगठीतनं जातं. त्यानं काही सिद्ध होत नाही. रेशीम बघायचं तर काडी, नाहीतर केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्क, ते २००४ पासून आहे. लेबल खरं असलं तर खरं.

आता मला का राग आला ते सांगते. आमच्याकडं इरकलीच्या धर्तीची साडी निघते. अंगात सूत, पदराला आर्ट सिल्क, आम्ही चमका म्हणतो त्याला. हातमागावरच्या खऱ्या इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा संच, वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला एक एक धागा अडकवून जोडतात. ती कोंडी. त्याला वेळ आणि नजर लागते. आमच्या मागावर ती होत नाही, आम्ही ती म्हणून विकत पण नाही. वडील व्यापाऱ्याला सरळ सांगतात, ‘पॉवरलूम, सूत आणि चमका.’ ती साडी नऊवारी नेसणाऱ्या बायका रोज शेतात नेसतात आणि वर्षानुवर्षं टिकते. तीच साडी दुकानात गेली की तिच्यावर ‘हातमाग’ चिठ्ठी लागते. मी डोळ्यांनी बघितलीय. आमच्याच काठाची नक्षी, मला काय कळणार नाही व्हय?

तुम्हाला वाटतं तुम्ही त्या आजीला फसवलं. आजीला तर फसवलंतच. पण आमच्या साडीला तिच्या नावानं कोण विकत नाही, हे पण त्यातलंच. चमक्याची साडी चमका म्हणून चांगली असते. तिला रेशीम म्हटलं की ती खोटी ठरते, आणि मग दर पडला की सगळे आमच्याकडं येतात, ‘तुमचा माल हलका’ म्हणून.

आणि एक. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आहे की नाही ते बघायला माणसं येऊन जातात. साडीत किती टक्के काय आहे ते बघायला आजपर्यंत एक पण आलेला नाही.

सुतळी_बॉम्ब

एवढं काय डोकं लावतोस? तीनशे रुपये कपिलेश्वराच्या पेटीत टाक, झोप लागेल.

घडीमोड

@सुतळी_बॉम्ब : आजीनं देवाला नव्हतं विचारलेलं, मला विचारलेलं.

@कांडीवाली : सहा वर्षं साड्या विकतोय आणि हे माहीत नव्हतं. रेशीम आहे की नाही एवढंच बघायचो, नाही म्हटल्यावर काय आहे ते कधी बघितलंच नाही. नवीन पोरांना पण तसंच शिकवलं. लाज वाटली.

कोर्टकचेरी

थोडक्यात. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूचा दर्जा, प्रकार खोटा सांगून विकणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि ते तोंडी सांगितलं तरी चालतं, लेखीच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. तुमच्या ‘साडी फॅन्सी’ बिलानं मालक सुटतील असं समजू नये. पण खरं सांगायचं तर ती आजी सात हजारांसाठी बेळगावला तारखांना येणार नाही, हे तुमच्या मालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

निपाणीवाला

@अप्पा_शहापूर : अप्पा, ते परकराचं वाचून जेवण गेलं नाही. माझ्या दुकानात उद्यापासनं ‘सॉफ्ट सिल्क’च्या खोक्यांवर मार्करनं पॉलिस्टर लिहायला सांगितलंय. बघू किती दिवस चालतं. पोरगा म्हणतोय, आधी शेजारच्याला लिहायला सांगा.

अप्पा_शहापूर

लिहा. शेजारचा बघून लिहील, नाहीतर तुमची खोकी बघून हसेल. हसला तर हसला.

घडीमोड (नऊ दिवसांनी)

उशिरा लिहितोय, माफ करा. सीझन आहे.

मंगळवारी सकाळी लवकर गेलो. मालक गणपतीला उदबत्ती लावत होते. अप्पांनी सांगितलं तसं केलं, एका कागदावर हिशोब लिहून नेला होता. खरेदी १,८५०, विक्री ३,२००, बिलावर मालाचं नाव, राहिलेले ४,६०० परत. मालकांनी कागद वाचला, घडी केली आणि खिशात घातला. म्हणाले, ‘गिऱ्हाइकानं विचारलं तर खरं सांग म्हणून मी कधी नाही म्हणालोय का? नाही विचारलं तर आपण का सांगायचं?’

मी म्हणालो, ‘त्यांनी विचारलेलं, मालक.’

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आधी सांगितलं असतंस तुझ्या गावाकडची माणसं आहेत, तर ते गिऱ्हाईक मी तुला दिलंच नसतं.’ हे माझ्या बाजूचं बोलले की विरुद्ध, अजून कळलेलं नाही. शेवटी म्हणाले, ‘बोलव त्यांना. समोर मी बसणार नाही. तुझे तीनशे गेले आणि फॉलवाल्याचे पैसे तुझ्याकडनं.’ फॉल लागला नव्हता, नशीब. फोन दुकानाच्या नंबरवरनं, त्यांच्यासमोरच केला. नवरीच्या वडिलांना एवढंच सांगितलं की साडीबद्दल एक सांगायचं राहिलंय, न्यायला याल तेव्हा आजीला पण आणा.

रविवारी चौघं आली. आई-वडील, नवरी, आजी. चहा मागवला नाही. साडी खोक्यातनं काढली आणि म्हणालो, ‘आजी, तुम्ही त्या दिवशी विचारलेलं. ही रेशीम नाही. पॉलिस्टर आहे. मला तेव्हा पण माहीत होतं.’

वडील लाल झाले. ‘मग तेव्हा का बोलला नाहीस?’ ह्याला उत्तर नव्हतं, दिलं नाही. दुकानातल्या पोरांनी माना फिरवल्या. दोन गिऱ्हाइकं दारात होती, त्यातलं एक परत गेलं. मी गोंड्याचा धागा काढून काडी लावून दाखवली. आजीनं ती काळी गोळी बोटात धरून दाबली. फुटली नाही. मग खरं रेशीम मागितलं बघायला. मी एक धागा त्याचा पण जाळला, राख तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती चोळली आणि वास घेतला. पैसे परत देतो म्हणालो, किंवा ह्याच साडीचे ३,२०० होतात, बाकीचे परत.

मी मनात धरून बसलो होतो की ते साडी टाकून जातील. नवरी म्हणाली, ‘मला हीच पाहिजे. ब्लाउज कसा शिवायचा ते पण ठरलंय माझं.’ आईनं एकदा वडिलांकडं बघितलं. वडील बोलले नाहीत. आजी म्हणाली, ‘तिला आवडली हाय तर घ्या की. पर कागदावर लिवून द्या, काय हाय ते.’

आमचं मशीन मराठी छापत नाही. मी बिलाच्या मागं पेनानं लिहिलं, ‘साडी पॉलिस्टर, रेशीम नाही. ३,२०० रुपये.’ खाली सही केली. आजीला वाचता येत नाही, तिनं नातीकडनं दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून कनवटीला लावलं. मग ४,६०० मोजून घेतले, आणि त्यातनंच मानपानाच्या सहा साड्या घेतल्या. एकेक हातात धरून विचारायची, ‘ह्ये काय?’ मी सांगायचो, पॉलिस्टर. ‘ह्ये?’ सूत. ‘आन् ह्ये?’ सूत, पदराला चमका. पाऊण तास. अप्पा, हात थांबवले प्रत्येक वेळी. चमक्याच्या चार घेतल्या, @कांडीवाली, वडगावच्या मागावरच्या, तसंच सांगून विकल्या.

पहिल्या रविवारी चार तासांत ती मला पन्नास वेळा तरी ‘पोरा’ म्हणाली असेल. काल पिशव्या उचलून पायरी उतरताना म्हणाली, ‘येतो हं, दुकानदार.’